मीटर बदलण्याआधी आकडा वाचा
ब्रिटिश बनावटीच्या जुन्या बुलेटचा स्पीडोमीटर बदलायचा, तर आधी तबकडीवरचा बारीक आकडा वाचा. स्मिथ्सच्या चुंबकी मीटरवर १६०० असेल, तर मैलाला केबलचे १६०० फेरे. किलोमीटरला सुमारे ९९४. हा हिशेब चाकाच्या गिअरशी जुळला नाही, तर काटा खोटा वेग दाखवतो. मग मीटर कितीही देखणा असो, काय उपयोग!

केबलचं चौकोनी टोक खाचेत नीट बसलंय का, बोटांनी फिरवून बघा. वरच्या टोकाला ग्रीस अजिबात नको. ते मीटरमध्ये चढतं आणि काटा चिकटतो.

ॲमीटरला हात लावण्याआधी बॅटरीची वायर काढाच. वायरी उलट लागल्या, तर चार्जिंग चालू असतानाही काटा डिस्चार्जकडे झुकतो.