आधी चारठाणा, मग अंगकोर

एसटीत आजी, आजोबा आणि नातू यांच्याइतकी स्वस्तात फिरणारी तिकडी दुसरी नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना २६ ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. आजीला १७ मार्च २०२३ पासून अर्धं, आणि पाच ते बारा वर्षांच्या नातवाला हाफ. म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरहून चारठाण्याला जायला तिघांत मिळून एकाच मोठ्या माणसाचे पैसे पडतात. एवढ्या पैशात बाराव्या-तेराव्या शतकातली देवळं, बारव आणि कोरीव मानस्तंभ पाहायला मिळत असतील, तर आणखी काय हवं?

हीच तिकडी आता विमानातही दिसते. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला आणि मुलगा-सून कामात असले तरी नातवंडांची सुट्टी वाया जाऊ नये म्हणून आजी-आजोबांची बॅग भरली जाऊ लागली. बहुतेकांचं पहिलं ठिकाण सिंगापूर किंवा बँकॉक. ठीक आहे. पण तिथल्या पाळण्यांच्या आणि मॉलच्या गर्दीत आजोबांच्या वाट्याला काम येतं ते पिशव्या सांभाळण्याचं. आजी-आजोबांचा खरा उपयोग करून घेणारं आग्नेय आशियातलं शहर म्हणजे कंबोडियातलं सिएम रीप, कारण अंगकोर वाटचं देऊळ तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

हे देऊळ राजा दुसरा सूर्यवर्मन याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी उभारलं. पश्चिमेच्या दारातून आत गेलं की गॅलरीच्या भिंतीवर उजव्या हाताला कुरुक्षेत्र आणि डाव्या हाताला लंकेतलं युद्ध कोरलेलं आहे. शरपंजरी पडलेले भीष्म सापडले की पुढचं आजीवर सोपवावं. गाइड चार वाक्यांत उरकतो ती गोष्ट आजी अर्धा तास लावते. पूर्वेकडच्या गॅलरीत सुमारे ४९ मीटर लांबीचं समुद्रमंथन आहे. मध्ये विष्णू, खाली कासव, एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव. आणि देवांच्या रांगेच्या टोकाला वासुकीचं शेपूट धरून एक भलंमोठं वानर! गाइड त्याला हनुमान म्हणतात. समुद्रमंथनात मारुतराय कसे आले, यावर आजी आणि नातू यांची तिथेच जुंपायला हरकत नाही. रामायण-महाभारत समुद्र ओलांडून गेलं ते जसंच्या तसं राहिलं नाही, हे मुलाला कळायला तेवढा वाद पुरतो.

तिकिटाची तऱ्हा मात्र एसटीच्या उलट. मोठ्या माणसाला एका दिवसाचे ३७ डॉलर, बारा वर्षांखालच्या मुलाला फुकट, पण वयाचा पुरावा म्हणून त्याचा पासपोर्ट दाखवावा लागतो. आई-वडील सोबत नसतील तर त्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ असलेलं बरं. लहान मुलाच्या पासपोर्टची मुदत पाचच वर्षांची असते, हे घरातल्यांच्या ऐनवेळी लक्षात येतं.

आता चारठाणा आधी का? कारण तिथे पाटीही नाही आणि गाइडही नाही. जे सांगायचं ते आजोबांनाच सांगावं लागतं. गावात एकेकाळी शेकड्यांनी देवळं होती, असं जुनी माणसं सांगतात. आज गोकुळेश्वर, उकंडेश्वर, खुराचा गणपती, नृसिंहतीर्थ अशी नावं घेत गल्लीबोळांतून हिंडावं लागतं. ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळं होण्याची आपल्याला सवय आहे. पण हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, यादव राजा महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारातला, आणि या पद्धतीची कितीतरी देवळं त्याच्या आधीची. सगळं श्रेय एका प्रधानाला देऊन आपण शेकडो पाथरवटांना विसरलो.

चारठाण्याच्या देवळांत मुलाला पहिल्यांदा छत दाखवावं. वर बघायला सांगावं आणि विचारावं, एवढे जड दगड पडत का नाहीत? उत्तर घरी जमिनीवर मांडता येतं. चार वह्या चौकोनात ठेवायच्या, प्रत्येक कोपऱ्यावर एक वही तिरकी टाकायची. आतलं भोक लहान होतं आणि चौकोन फिरतो. त्या चौकोनावर पुन्हा चार तिरक्या, आणि शेवटी उरलेल्या भोकावर एक झाकण. चुना नाही, खरी कमान नाही. सगळा खेळ वजनाचा आणि नेमक्या घडाईचा. गंमत म्हणजे अंगकोरच्या कारागिरांनीही खरी कमान वापरलीच नाही. तेही दोन्हीकडून दगड थोडे थोडे पुढे सरकवत वर जुळवून घेत. आपल्याकडे काळा बसाल्ट, त्यांच्याकडे कुलेन डोंगरातला वालुकाश्म. वह्यांचा खेळ केलेला मुलगा सिएम रीपला पोचला की गॅलरीत आपणहून मान वर करतो.

आणखी एक गोष्ट नातवाला जरूर सांगावी. १९८६ ते १९९३ या काळात अंगकोर वाटची सफाई आणि डागडुजी केली ती भारतीय पुरातत्त्व खात्याने. झाडांच्या मुळांनी वेढलेल्या तिथल्या ता प्रोम देवळातही आपलीच माणसं काम करत आली आहेत. मग आपल्या गावच्या शिखरातला पिंपळ कोण काढणार, असं त्याने विचारलं, तर आजोबांनी विषय बदलू नये.

चारठाण्याला जायला दिवाळीची सुट्टी बरी. मे महिन्यात परभणीचं ऊन माणसाला भाजून काढतं आणि दगड त्याहून तापतो. बारवेत उतरताना कठडा नसतो, ओल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा हात सोडायचा नाही. कुणी कुणाचा धरायचा, ते गुडघ्यांवर अवलंबून. सकाळी निघालं तर दुपारनंतर औंढ्याचा नागनाथही होतो. तिथला गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद, ठेंगण्या जिन्याने वाकून उतरावं लागतं, म्हणून नातू आत जातो आणि आजोबा बहुधा वरूनच हात जोडतात. अंगकोरला याच्या उलट. सगळ्यात वरच्या बाकान मजल्यावर बारा वर्षांखालच्या मुलांना मनाई आहे आणि जिना असा उभा, की नातवाला एकटं कसं सोडणार हे कारण आजोबांना आयतंच मिळतं.