तांबे मिसळलेले सोने

पहिले महायुद्ध संपायला दीडेक महिना उरला असताना, सप्टेंबर १९१८मध्ये, बुडापेस्टला मनोविश्लेषकांची परिषद भरली. तिथे सिग्मंड फ्रॉइड गरिबांबद्दल बोलले. त्यांचे स्वतःचे बहुतेक पेशंट व्हिएन्नातल्या सुखवस्तू घरांतले. आठवड्यातले सहा दिवस, रोज तासभर कोचावर पडून बोलणे त्यांना परवडत असे. पण उद्या गोरगरिबांसाठी मोफत दवाखाने निघतील आणि तिथे विश्लेषणाच्या निखळ सोन्यात थेट सूचनेचे तांबे मिसळावे लागेल, असे फ्रॉइड म्हणाले. १९२०मध्ये बर्लिनला असा दवाखाना निघाला, १९२२मध्ये खुद्द व्हिएन्नात.

आज पुण्यात किंवा नाशकात समुपदेशनाला जाणाऱ्याला आठवड्यातून एकदा पाऊण तास मिळतो, समोरासमोरच्या खुर्च्या मिळतात आणि घरी करायचा थोडा अभ्यासही मिळतो. म्हणजे तांबेच जास्त. मग त्यातल्या सोन्याचा रोजच्या कामात काय उपयोग? माझ्या मते कोच सोडून द्यावा, स्वप्नांचे अर्थ लावण्याची हौसही आवरावी. ठेवण्यासारख्या गोष्टी दोनच आहेत: ऐकण्याची एक रीत, आणि खोलीतल्या दोन माणसांत काय चालले आहे याकडे लक्ष.

फ्रॉइडनी १९१२मध्ये डॉक्टरांना सल्ला दिला होता की, पेशंट बोलत असताना टिपणे घेऊ नका, आणि अमुक महत्त्वाचे, तमुक फालतू असे आधीच ठरवू नका. हे वाटते त्याहून अवघड आहे. झोप, भूक, आत्महत्येचे विचार यांबद्दल विचारायलाच हवे, पण सगळा वेळ प्रश्न विचारले तर हाती फक्त उत्तरे येतात, हे लंडनमधले मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांचे निरीक्षण. समजा, बढती मिळाल्यापासून छातीत धडधडते म्हणून एक बाई आली आहे. ऑफिसबद्दल सांगता सांगता ती बहिणीच्या मोडलेल्या लग्नावर येते आणि लगेच म्हणते, “ते जाऊ दे, त्याचा इथे संबंध नाही.” घाईतला थेरपिस्ट परत ऑफिसकडे वळतो. विश्लेषणाची सवय असलेला तिथेच थांबून म्हणतो, “सांगा ना.” बहिणीच्या पुढे जाण्याची तिला धास्ती वाटते का, हे लगेच कळणार नाही. पण संबंध नाही असे तिने न विचारता सांगितले, याची नोंद त्याच्या मनात होते.

दुसरी गोष्ट, म्हणजे दोघांत काय चालले आहे, आधी उपचाराच्या चौकटीत दिसते. वेळ, फी, सुट्ट्या, उशीर हा सगळा कारकुनी मामला वाटतो, पण बरेच काही तिथेच उघड होते. दर वेळी दहा मिनिटे उशिरा येणारा, फीचे पाकीट टेबलावर विसरल्यासारखे ठेवून जाणारा, निघताना दाराशी सगळ्यात मोठी गोष्ट सांगणारा, हे आपापल्या परीने बोलतच असतात. आपल्याकडे चौकटीला आणखी धक्के बसतात. तिशीतल्या मुलाची आई फोन करून विचारते, “काय म्हणाला तो?” दिवाळीला फराळाचा डबा येतो. तो परत करणे मला आडमुठेपणाचे वाटते. घ्यावा, आणि तो आणताना मनात काय होते हे पुढे कधीतरी बोलण्यात यावे. आईला मात्र उत्तर देऊ नये.

खोलीतल्या नात्याचे महत्त्व फ्रॉइड एका फसलेल्या उपचारातून शिकले. ‘डोरा’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली अठरा वर्षांची मुलगी ३१ डिसेंबर १९०० रोजी उपचार सोडून निघून गेली, जेमतेम अकरा आठवड्यांत. १९०५मध्ये तिची हकीकत छापताना त्यांनी कबूल केले की, आयुष्यातल्या दुसऱ्या पुरुषांवरचा तिचा राग आपल्याकडे वळत होता, ते आपण वेळेत ओळखले नाही. भावना अशा थेरपिस्टकडे वळण्यालाच ट्रान्सफरन्स म्हणतात. आपल्याकडे तो बऱ्याचदा आदराच्या रूपात येतो: “मॅडम, तुम्हीच सांगा, तुम्ही म्हणाल तसं करते.” मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३मध्येच लिहिले होते की, भारतीय पेशंटला गुरू हवा असतो आणि उपचाराने त्याची दखल घ्यायला हवी. दखल घ्यावी, पण गुरुपदावर बसून राहू नये. सल्ला मिळाला नाही की पेशंटला काय वाटते, असे आणखी कोणासमोर होते, हे विचारण्यातून जास्त हाती लागते.

थेरपिस्टच्या मनातही काहीतरी चालूच असते. ठरावीक पेशंट आला की जांभया येतात, किंवा उगाच ज्यादा वेळ द्यावासा वाटतो. पूर्वी हा थेरपिस्टचा दोष मानत. मनोविश्लेषक पाउला हाइमान यांनी १९५०मध्ये मांडले की, हे पेशंटला समजून घेण्याचे साधनही होऊ शकते. मात्र आधी ती जांभई जागरणाची नाही ना, हे पाहावे.

सगळ्यात जास्त गैरवापर होतो तो अर्थ सांगण्याचा. १९१०च्या ‘बेलगाम विश्लेषण’ या अर्थाच्या शीर्षकाच्या लेखात फ्रॉइडनी एका तरुण डॉक्टरची गोष्ट दिली आहे. घटस्फोटित, पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला त्याने पहिल्याच भेटीत सांगून टाकले की तुमची अस्वस्थता लैंगिक उपासमारीची आहे. नवऱ्याकडे परत जा, प्रियकर शोधा, नाहीतर स्वतःच स्वतःचे समाधान करा. बाई आणखी घाबरली. फ्रॉइडचे म्हणणे असे की, नुसती माहिती दिल्याने आजार जात नाही. माणूस त्या गोष्टीच्या जवळ आलेला हवा आणि सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास बसलेला हवा.

मराठी वाचकाला मानसोपचाराची ओळख बहुधा कि. मो. फडके यांनी पोचवलेल्या आल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीमुळे झाली. एलिस आणि विचार बदलण्यावर भर देणाऱ्या बोधात्मक उपचारांचे ॲरन बेक या दोघांचे प्रशिक्षण मनोविश्लेषणाचेच. त्यातूनच ते बाहेर पडले. तरी विश्लेषण आणि हे नवे उपचार या दोन्ही घराण्यांत बाहेरून दिसते तेवढे वैर नाही. रस्त्यावर जायला घाबरणाऱ्याने नुसते बोलत बसून चालणार नाही, त्याला बाहेर पडायला लावावे लागते, असे फ्रॉइडनी त्याच बुडापेस्टच्या भाषणात म्हटले आहे. पुन्हा पुन्हा हात धुण्याच्या विकाराला आधी वर्तनोपचार द्यावेत, तीव्र मनोविकाराला औषधे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोनाथन शेडलर यांनी २०१०मध्ये अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटले की, मनोविश्लेषणावर आधारलेल्या उपचारांचा फायदा ते संपल्यावरही टिकतो, कधी वाढतो. त्यावर टीकाही झाली, पण ‘फ्रॉइड कालबाह्य झाला’ असे ठोकून देणे त्यानंतर अवघड झाले.

खरी अडचण शिकण्याची आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२मध्येच कोलकात्यात मनोविश्लेषण संस्था काढली, तरी देशात रीतसर शिकलेले विश्लेषक आजही थोडे आहेत, आणि त्या शिक्षणात आवश्यक असलेले स्वतःचे विश्लेषण करून घ्यायला वर्षे लागतात. यावर एक वाट आहे: बालिंट यांनी १९५०च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांचे गट बसवले. डॉक्टर कागद न बघता एखाद्या पेशंटबद्दल सांगत आणि बाकीचे ऐकत. हे आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावी जमण्यासारखे आहे. पाचसात समुपदेशक, पंधरा दिवसांतून एक संध्याकाळ. नावे बदलून सांगायचे, आणि सांगताना काय विसरले हे इतरांनी विचारायचे.