समुद्रावरून जाणारा माठ

उन्हाळ्यात माठातलं पाणी गार कसं राहतं? माठ पाझरतो, बाहेर आलेलं पाणी उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता सोबत नेतं. थोडं उडू द्यायचं, बाकीचं गार राखायचं. जपान, कोरिया, चीन आणि भारताकडे इंधन घेऊन निघालेली अजस्र जहाजंही याच युक्तीवर चालतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या माठाकडे बराच वेळ बघत राहिलो होतो.

या जहाजांत नैसर्गिक वायू असतो, पण पातळ केलेला. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की पाण्यासारखा नितळ द्रव होतो आणि सुमारे सहाशे पट कमी जागेत मावतो. सहाशे बादल्या वायू, एका बादलीत! हाच एलएनजी. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या सिलिंडरातला गॅस दाबाखाली कोंडून पातळ ठेवलेला असतो. इथे तसा दाब नाही, इथे सगळी मदार थंडीवर. टाकीतला हा द्रव सतत मंद उकळत असतो, तोही उणे १६२ अंशांवर! बाहेरची उष्णता कितीही अडवली तरी थोडी झिरपतेच. ती लागली की द्रवाचा एक अंश वाफ होतो आणि उरलेला होता तेवढाच गार राहतो. दिवसाला साधारण हजारातला एक भाग असा उडतो. ती वाफ वाया जात नाही, बहुतेक जहाजं ती इंजिनात जाळून पुढे सरकतात.

एवढ्या थंडीत साधं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. म्हणून काही जहाजांच्या टाक्यांना आतून लोखंड आणि ३६ टक्के निकेल यांच्या मिश्रधातूचा पत्रा लावतात, जाडी अवघी ०.७ मिलिमीटर. या धातूचं नाव इन्वार. थंडी-उष्णतेने तो जवळजवळ आकसत नाही की फुगत नाही. त्यावरच्या कामासाठी शार्ल एदुआर गियोम यांना १९२० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. माल उतरवल्यावरही टाकी पूर्ण रिकामी करत नाहीत. विरजणापुरतं दही राखावं तसा थोडा द्रव तळाशी ठेवतात, म्हणजे परतीच्या वाटेवर टाकी तापत नाही.

अशा एका नेहमीच्या नव्या जहाजात सुमारे १,७४,००० घनमीटर द्रव मावतो. वायू म्हणून मोजला तर दहा कोटी घनमीटरच्या वर.

पण हा माल रोज थोडाथोडा उडतो, म्हणजे तो नाशवंत आहे. कोळशाचा ढीग वर्षभर पडून राहील, एलएनजी नाही राहणार. मला वाटतं, आशियातल्या या बाजाराचं सगळं वागणं या एका गोष्टीतून उलगडतं.

जपानचंच घ्या. नोव्हेंबर १९६९ मध्ये अलास्काहून निघालेलं ‘पोलर अलास्का’ हे जहाज योकोहामाच्या नेगिशी बंदराला लागलं. शहरं तेव्हा धुराने काळवंडली होती आणि या वायूत गंधक जवळजवळ नसतं, म्हणून महाग असूनही तो घेतला. बेटांच्या देशाला परदेशातून वायुवाहिनी आणणं सोपं नव्हतं. दक्षिण कोरिया तर नकाशावर खंडाला जोडलेला, पण उत्तरेची वाट बंद, म्हणून तोही १९८६ पासून जहाजांवर विसंबला. वायू पातळ करण्याचा अवाढव्य कारखाना ग्राहक ठरल्याशिवाय कोण उभारणार? म्हणून करार वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षांचे झाले आणि भाव खनिज तेलाच्या भावाला बांधला गेला. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर अणुभट्ट्या बंद पडत गेल्या, तेव्हा जपानने आणखी जहाजं मागवली. २०१४ साली त्याची आयात नऊ कोटी टनांच्या जवळ पोचली. आज जगातल्या एलएनजीचा सुमारे दोन तृतीयांश भाग आशियाच घेतो.

कराराबाहेरचा माल मात्र भाजीबाजारासारखा वागतो. गिऱ्हाईक नसेल तर टोमॅटो मातीमोल, आवक घटली की भाव गगनाला. करोनाच्या २०२० सालच्या एप्रिलमध्ये पूर्व आशियातला भाव दर दहा लाख बीटीयूला (हे उष्णता मोजण्याचं एकक) दोन डॉलरच्या आसपास घसरला होता. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, मार्च २०२२ मध्ये, तो ऐंशीच्या पुढे गेला. युरोप जास्त पैसे मोजत होता, जहाजं तिकडे वळली. त्या जुलैत पाकिस्तानने निविदा काढली, तर एकही विक्रेता पुढे आला नाही. बांगलादेशने अशी खरेदी थांबवली. दोन्हीकडे भारनियमन. ज्याला हा भाव परवडला नाही, त्याच्या घरात आधी अंधार होतो, आणि हे मला फार अस्वस्थ करतं.

भारतात पहिलं जहाज २००४ च्या जानेवारीत कतारहून गुजरातच्या दहेजला आलं. तो करार २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवला गेला. देशात वापरल्या जाणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा असाच समुद्रावरून येतो. आपल्या गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीपाशी, २०१३ साली टर्मिनल सुरू झालं, पण लाटा अडवणारा बंधारा अपुरा होता. त्यामुळे कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नसे. कोळी बांधवांच्या होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि वायूचं जहाजही समुद्र शांत होण्याची वाट पाहत थांबलेलं.

किनाऱ्याला लागल्यावर द्रवाचा परत वायू करतात, अनेक ठिकाणी फक्त समुद्राच्या पाण्याची ऊब देऊन. घरोघरी जाण्याआधी त्यात वास मिसळतात, गळती कळावी म्हणून. आणि ती थंडी? बहुतेकदा ती समुद्रात विरून जाते. जपानमध्ये मात्र काही ठिकाणी ती धरून ठेवतात. तिच्यावर द्रवरूप ऑक्सिजन आणि नायट्रोजन बनतो, शीतगृहं चालतात. कतारच्या तापल्या वाळवंटात तयार झालेली थंडी हजारो किलोमीटर समुद्र ओलांडते आणि जपानच्या किनाऱ्यावर अन्न गोठवते.