पाचवी चिमणी

येशूच्या काळी पॅलेस्टाईनच्या बाजारात चिमण्या विकायला येत. मोठं मांस न परवडणाऱ्या गरिबांचं ते खाणं. मत्तयच्या शुभवर्तमानात त्यांचा भाव दिला आहे, एका नाण्याला दोन. लूकच्या शुभवर्तमानात तोच दोन नाण्यांना पाच होतो. म्हणजे चार घेतल्या की पाचवी वर. त्या वर टाकलेल्या चिमणीला बाजारात काहीच मोल नव्हतं, आणि येशू सांगतो की यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. देवाच्या प्रेमावरची पुष्कळ प्रवचनं मी ऐकली आहेत. त्या भावतावाइतकं मनाला भिडलेलं दुसरं काही नाही.

नाझरेथच्या या सुताराच्या शिकवणुकीत तत्त्वचर्चा थोडी आणि कामधाम फार. ऐकणारे गालीलातले शेतकरी, कोळी, घर चालवणाऱ्या बाया. त्यामुळे बी पेरणारा येतो तो पायवाट, खडक, काटेरी झुडपं आणि सुपीक माती अशा चार जागा घेऊनच. पिठात खमीर मिसळणारी बाई तीन मापं पीठ भिजवते. हे पीठ घरच्या चारसहा माणसांचं नव्हे, अख्ख्या गावजेवणाला पुरेल एवढं आहे. भाकरी थापणाऱ्या बाईला ते ऐकताक्षणी कळलं असेल. आपण मात्र ‘तीन मापं’ वाचून पुढे जातो.

मोहरीचंही तसंच. जुन्या करारात यहेज्केल संदेष्टा देवाच्या कृपेचं चित्र काढतो ते उंच डोंगरावरच्या गंधसरूचं, ज्याच्या फांद्यांत पाखरं घरटी करतात. येशू पाखरं ठेवतो आणि झाड बदलतो. मोहरी! शेताच्या कडेला माणसापेक्षा थोडी उंच वाढणारी. देवाचं राज्य म्हणजे राजवाड्याचं लाकूड नव्हे, फोडणीचा दाणा, असं ऐकताना त्या गर्दीतले काही जण नक्की चमकले असतील.

मला सर्वांत आवडतो तो अंजिराचा माळी. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी म्हणतो, एवढं एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. क्षमेवर यापेक्षा नेमकं काय सांगणार? इथली क्षमा नुसती सोडून देत नाही, कुदळ उचलते. त्या झाडाला पुढे फळ आलं की नाही, हे लूक सांगत नाही. ते मोकळं ठेवलं आहे, आणि ते तसंच ठेवणं योग्य आहे.

आपल्याकडे साध्या वस्तू निरखण्याची ही नजर ज्यांना लाभली त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक पहिले आठवतात. १८९३ साली रेल्वेत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. तेच प्रवचन, ज्यात आकाशातली पाखरं आणि रानातली फुलं आहेत. १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठीने त्यांना फुलामुलांचे कवी म्हटलं. धर्म बदलल्यावरही टिळक फुलाकडे पाहायचे ते फूल म्हणून; उपदेश चिकटवायला जागा हवी म्हणून नव्हे. अलीकडच्या पुष्कळ भक्तिपर लिखाणात बोध आधी ठरतो आणि त्याला जुळेल असा सूर्यास्त नंतर शोधला जातो. त्यात ना सूर्यास्त दिसतो, ना देव. आधी वस्तू नीट पाहावी लागते. तिचा भाव, तिचं माप, तिला लागणारं खत.

मराठी ख्रिस्ती समाजाकडे असं पाहण्याचा एक सणही आहे. मुंबई आणि उत्तर कोकणातला ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतो. नव्या भाताच्या लोंब्या सजवलेल्या बैलगाडीतून वाजतगाजत चर्चमध्ये येतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, मग त्या घरोघरी जातात. गोव्यात कणसाचं फेस्त असतं. राय गावात ते ५ ऑगस्टला होतं आणि धर्मगुरू स्वतः विळ्याने पहिली कणसं कापतात. अन्न दुकानातून येण्याआधी कुठून येतं, हे मुलांना दाखवणारा यापेक्षा चांगला धर्मशिक्षणाचा तास मला ठाऊक नाही.

पण या सणाखाली जमीन असावी लागते. मुंबईतली गावठाणं शहराने वेढली, शेतं गेली, आगेरा तेवढा टिकला. जिथे शेतच उरलं नाही तिथे लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. वसईवर ही वेळ येऊ नये म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईचं आंदोलन उभं केलं. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा, २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला हा धर्मगुरू झाडं आणि पाणी वाचवायला रस्त्यावर उतरला, याचं अनेकांना नवल वाटलं. मला ते बायबलला धरूनच वाटतं. लेवीयच्या पुस्तकात नियम आहे: शेताच्या कडा पूर्ण कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबांचा आणि उपऱ्यांचा आहे. बायबलमधली रूथ तो सरवा वेचूनच जगली. आपण मात्र शेताच्या कडा सोडायच्या जागी शेतच विकतो.

वसईच्या वाड्यांत बावखलं आहेत. पूर्वजांनी खणलेली ही गोड्या पाण्याची तळी पावसाचं पाणी साठवतात, जमिनीत मुरवतात आणि समुद्राचं खारं पाणी आत सरकू देत नाहीत. केळी आणि पानवेली जगल्या त्या या पाण्यावर. भराव टाकायला ती सोयीची, त्यामुळे आधी तीच जातात. पुढच्या आगेऱ्याला मुलांना घेऊन अवश्य जा. आणि वसईत तुमची वाडी असेल, तर हात जोडून सांगणं आहे: बावखल बुजवू नका.