गाडी गरम होते? भाग बदलण्यापूर्वी दोष ओळखा

मुंबईच्या उपनगरांत धंदा करणाऱ्याला गाडीवाचून गत्यंतर नाही. भिवंडीहून अंधेरीच्या दुकानात माल आणायचा असो, घाटकोपर-मुलुंडच्या गिऱ्हाइकांना तागे पोहोचवायचे असोत, की मालेगावला जाण्यासाठी कसारा घाट चढायचा असो, व्हॅन, टेम्पो किंवा साधी मोटार हे आपले भांडवलच होय. या गाडीला जे रोग जडतात त्यांत इंजिन गरम होणे हा सर्वांत खर्चिक रोग आहे, आणि सर्वांत जास्त अंदाजपंचे उपचारही याच रोगावर होतात. ब्रेक लागेना तर आपण तत्काळ गॅरेज गाठतो. पण उष्णतेचा काटा वर चढला तर बाटलीभर पाणी ओतून पुढे निघतो. दोन-चार दिवसांनी तेच घडते, आणि एक दिवस इंजिन उघडण्याची पाळी येते.

आम्ही कापडाच्या धंद्यातले, यंत्रविद्येचे जाणकार नव्हे. परंतु मालाच्या गाड्या अनेक वर्षे सांभाळताना उस्ताद मंडळींकडून जे शिकलो ते व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत. कापडात खोट दिसली तर ती सुतातली, मागावरची की रंगाईतली हे आपण आधी पाहतो, मगच कोणाशी बोलायचे ते ठरवतो. गाडी गरम होण्याचेही तसेच आहे. दोष कोठे आहे हे कळल्याशिवाय एकही भाग बदलू नये, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

पाण्याचा फेरा

इंजिनात जळणाऱ्या इंधनातील उष्णतेचा मोठा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतच नाही. तो धुराबरोबर बाहेर जातो किंवा इंजिनाच्या धातूत उतरतो. धातूतील ही उष्णता उचलून बाहेर टाकणे हे पाण्याचे काम. वॉटर पंप पाणी इंजिनातून फिरवतो. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट नावाचा छोटा वॉल्व्ह रेडिएटरची वाट बंद ठेवतो. बहुतेक गाड्यांत पाणी ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की तो उघडतो, आणि पाणी वरच्या हौज पाइपातून रेडिएटरमध्ये येते. तेथे बारीक नळ्यांतून जाताना समोरची हवा त्याची उष्णता घेते, आणि निवलेले पाणी खालच्या पाइपाने परत इंजिनात जाते. गाडी पळत असेल तर वारा आपोआप मिळतो. गाडी उभी असेल तर पंख्यावरच सारी भिस्त असते.

या फेऱ्यात आणखी एक वस्तू आहे, जिच्याकडे कोणी पाहत नाही. ती म्हणजे रेडिएटरचे झाकण. साधे पाणी मुंबईत १०० अंशांना उकळते. घाट चढून इगतपुरीला, म्हणजे सुमारे ६०० मीटर उंचीवर गेलो तर ९८ अंशांनाच उकळते. झाकणातील स्प्रिंग आतला दाब वाढवून धरते, त्यामुळे आतले पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. घरातील प्रेशर कुकरचेच हे तत्त्व. झाकणाचे रबर फाटले की दाब गेला, आणि बाकी सर्व भाग चांगले असूनही पाणी उकळून बाहेर पडू लागते.

पहिला प्रश्न: गरम होते केव्हा?

जाणकार उस्ताद बॉनेट उघडण्याआधी हाच प्रश्न विचारतो. अर्धे निदान येथेच होते.

गाडी साकीनाक्याच्या कोंडीत किंवा लालबहादूर शास्त्री मार्गावर कुर्ला ते घाटकोपर रांगत असताना गरम होते, आणि पूर्व द्रुतगती महामार्गावर मोकळी धावू लागली की काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर घ्यावा. वारा मिळताच प्रकृती सुधारते याचा अर्थ पाण्याचा फेरा ठीक आहे, हवेचा नाही.

याच्या उलट, शहरात गाडी ठीक चालते पण महामार्गावर वेगात किंवा माल भरून कसारा, खंडाळ्याच्या चढावर तापते, तर पंख्याचा दोष नव्हे. तेथे वारा भरपूर असतो. पाणी पुरेसे फिरत नाही किंवा रेडिएटर आतून तुंबला आहे असे समजावे.

थंड इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटांतच काटा लाल रेषेकडे निघाला तर पाणी कमी आहे किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. आणि बाहेर कोठे थेंबही दिसत नसताना दर आठवड्याला पाणी कमी होत असेल, तर ते इंजिनातच जळत असण्याची शक्यता आहे. हा सर्वांत गंभीर प्रकार होय.

जुन्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीच्या चालकांना पहिला प्रकार चांगलाच ठाऊक होता. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरे. सिग्नलला इंजिन मंद झाले की पंखाही मंद होई, म्हणजे वाऱ्याची गरज जास्त असतानाच वारा कमी मिळे. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले, त्यामुळे पंखा विजेच्या मोटारीवर आला. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आज बहुतेक मोटारींत विजेचाच पंखा आहे, म्हणून पट्ट्याबरोबर फ्यूज, रिले, मोटार आणि उष्णता मोजणारा सेन्सर हेही तपासावे लागतात.

तपासणीचा क्रम

तपासणी नेहमी फुकटातल्या गोष्टीपासून सुरू करून खर्चाच्या गोष्टीकडे न्यावी.

१) पाण्याची पातळी: सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पाहावी. बाटलीतील खुणेवर विसंबू नये. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असे अनेकदा असते. झाकण उघडता येत असेल तर आत पाणी काठोकाठ आहे काय ते पाहावे.

२) गळती: रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा किंवा कागद अंथरावा. एसीचे पाणी स्वच्छ असते, त्याची चिंता नको. हिरवा, लाल किंवा चिकट डाग पडला तर तो कूलंटचा. डाग कोणत्या भागाखाली आहे त्यावरून पाइपाचा जोड, रेडिएटर की वॉटर पंप हे कळते. पंपाच्या अंगावर एक बारीक छिद्र असते. त्यातून पाणी झिरपू लागले म्हणजे पंपाचे सील गेले.

३) झाकण: रबर कडक झाले आहे, चिरले आहे की गंजले आहे ते पाहावे. गाडी थंड झाल्यावर वरचा पाइप चपटा होऊन आत ओढला जात असेल, किंवा बाटलीत गेलेले पाणी परत रेडिएटरमध्ये येत नसेल, तर बहुधा झाकणच दोषी. रेडिएटर किंवा पंपाच्या मानाने ही अगदी किरकोळ किमतीची वस्तू आहे.

४) पंखा: इंजिन सुरू करून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरू लागतो. एसी लावल्यावर फिरतो पण गरम झाल्यावर फिरत नाही, तर मोटार चांगली आहे, दोष सेन्सरचा किंवा त्याच्या तारांचा. मुळीच फिरत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत, मोटार शेवटी. पंखा अचानक फिरू लागतो, म्हणून हात व ओढणी-रुमाल दूर ठेवावेत.

५) रेडिएटर: बाहेरून चिखल, किडे, प्लास्टिकचे तुकडे, आणि यंत्रमागांच्या गल्लीत फिरणाऱ्या गाडीत सुताची तूस जाळीत बसते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर जाळी अवश्य धुवावी, पण जोराची धार मारू नये, जाळीचे पाते दुमडतात. आतून तुंबण्याचे कारण बहुधा बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी. चहाच्या किटलीत पांढरा थर जमतो तसाच थर नळ्यांत जमतो. तांब्या-पितळेचा रेडिएटर उघडून सळईने साफ करता येतो, त्यालाच गॅरेजवाले रॉडिंग म्हणतात. अॅल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाक्यांचा नवा रेडिएटर मात्र तसा साफ होत नाही. फार तुंबला तर तो बदलावाच लागतो.

६) थर्मोस्टॅट: काटा वर जात आहे पण रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप अजून थंडच आहे, तर वॉल्व्ह उघडत नाही. तो काढून पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडावा. पाणी उकळायच्या आत तो उघडलाच पाहिजे. न उघडल्यास नवा बसवावा.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा इलाज नव्हे

आपल्याकडे "येथे थंडी कुठे पडते?" असे म्हणून थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची पद्धत आहे. हे बरोबर नाही. तो थंड प्रदेशासाठी नसून इंजिन योग्य उष्णतेवर ठेवण्यासाठी असतो. तो काढला की इंजिन उशिरा तापते, पेट्रोल जास्त खाते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर तो नसल्यामुळे बरेच पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परत फिरते, आणि गाडी अधिकच गरम होते.

कूलंटबाबतही हाच गैरसमज आहे. त्याचे काम केवळ गोठण्यापासून वाचवणे नव्हे. ते गंज रोखते, पंपाचे सील जपते आणि उकळण्याचा बिंदू वाढवते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घालावे. रंग पाहून दोन प्रकार एकत्र करू नयेत.

हेड गास्केटची लक्षणे

वरील सर्व ठीक असूनही पाणी जात असेल तर हेड गास्केट पाहावे. थंड इंजिन सुरू करताच वरचा पाइप दगडासारखा कडक होतो, रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, किंवा ऑइल दुधाळ चहासारखे दिसते, ही त्याची लक्षणे. खात्रीसाठी एक रासायनिक चाचणी मिळते. इंजिनातील जळका वायू पाण्यात येत असेल तर तिचा निळा द्रव पिवळा पडतो. ही चाचणी केल्याशिवाय हेड उघडू देऊ नये. हेड उघडले, लेथवर घासले, गास्केट, ऑइल, कूलंट बदलले की बिल हजारोंत जाते.

आमच्या ओळखीतील बोरिवलीच्या एका व्यापारी बंधूंच्या व्हॅनचे असेच झाले. एका गॅरेजने आधी पंप, मग रेडिएटर बदलला, आणि शेवटी हेड उघडण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या एका वृद्ध उस्तादाने फक्त दोन प्रश्न विचारले आणि झाकण बदलले. गाडी आजही धावते आहे.

रस्त्यात गरम झाली तर

काटा चढू लागताच एसी बंद करावा, काचा खाली करून हीटर पूर्ण सोडावा आणि सुरक्षित कडेला गाडी घेऊन इंजिन बंद करावे. वर गेलेला काटा एकाएकी खाली पडला तर खूश होऊ नये. पाणी संपल्यावर सेन्सरला पाण्याचा स्पर्शच राहत नाही, म्हणून तो खोटे सांगू लागतो. काही नव्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागल्यावर एक किलोमीटरही पुढे जाऊ नये.

गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते आणि माणूस गंभीर भाजतो. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास हेड तडकू शकते. टेम्पोवर ठेवलेल्या मुलांना हे मालकाने स्वतः समजावून सांगावे. माल उशिरा पोहोचला तर चालेल, परंतु पोराचा चेहरा भाजला तर ती भरपाई कोणता व्यापारी करणार?

गॅरेजवाल्या बांधवांसाठी

उपनगरांतील गॅरेजांत आपले अनेक तरुण उस्तादांच्या हाताखाली काम शिकत आहेत. त्यांना एक विनंती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली, आणि ओला माल वर ठेवून गिऱ्हाइकाला का दाखवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपल्याला माहीत आहे. गिऱ्हाइकाला इंजिनच्या आतले दिसत नाही. ते त्याला दाखवणे हीच या धंद्यातील अमानत. काढलेला जुना भाग त्याच्या हाती द्यावा, दोष कसा ओळखला ते सांगावे आणि तपासणीची मजुरी उघडपणे मागावी. गिऱ्हाइकानेही ती कुरकुर न करता द्यावी. भाग बदलणारे पुष्कळ मिळतात, दोष ओळखणारा एखादाच असतो, आणि त्या अकलेचे मोल देणे आपले कर्तव्य आहे.

महिन्यातून एका सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे पाणी, झाकण, पाइप आणि पंखा पाहण्याची सवय ठेवल्यास निम्म्याहून अधिक त्रास टळेल, इन्शाअल्लाह.