सूक्ष्मजीवांपासून प्रथिने

दिल्लीतील करोल बागेच्या बाजारात मिळणारे भटुरे घ्या किंवा तेथील दाक्षिणात्य उपाहारगृहांतील इडली घ्या. दोहोंचे पीठ प्रथम आंबवावे लागते. हे काम डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव करतात. येथे ते केवळ साहाय्यक असतात. आपण खातो ते गहू, तांदूळ आणि उडीदच. परंतु या साहाय्यकांनाच मुद्दाम वाढवून, गाळून व वाळवून अन्न म्हणून वापरले तर? अशा रीतीने मिळणाऱ्या पदार्थास एकपेशीय प्रथिन असे म्हणतात.

ही कल्पना आकर्षक वाटण्याचे पहिले कारण सूक्ष्मजीवांच्या वाढीचा वेग हे होय. किण्व, म्हणजेच यीस्ट, अनुकूल परिस्थितीत काही तासांत दुप्पट होते. चार तासांत ते दुप्पट होते असे धरले, तर १ किलोग्रॅम किण्वाचे, पुरेसे खाद्य व हवा मिळाल्यास, २४ तासांत ६४ किलोग्रॅम होईल. दुसरे कारण त्यांचे घटक. वाळविलेल्या किण्वात साधारणपणे निम्मे वजन प्रथिनांचे असते. गव्हात व तांदळात लायसीन हे आवश्यक ॲमिनो अम्ल कमी असते. किण्वात ते भरपूर असते. तिसरे कारण असे की, त्यांना सुपीक जमीन लागत नाही. साखर कारखान्यातील मळीवरही किण्व चांगले वाढते.

करोल बागेच्या पश्चिमेस पुसा येथे भारतीय कृषि अनुसंधान संस्था आहे. ही मूळची बिहारमधील पुसा गावची. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारतीची मोठी हानी झाली व १९३६ मध्ये संस्था दिल्लीस आली. येताना गावाचे नावही घेऊन आली. येथे जी. एस. वेंकटरामन यांनी नील-हरित शैवलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. शैवलांच्या लागवडीवरील त्यांचा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या कार्याचा मुख्य रोख भातशेतीस नत्र पुरविणाऱ्या जातींवर होता. परंतु उथळ पाण्यात शैवले वाढविण्याची ही विद्या स्पिरुलिनासारख्या खाद्य जातीसही उपयोगी पडते. स्पिरुलिनावर पुढे म्हैसूर येथील केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेत व चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्रात महत्त्वाचे काम झाले.

स्पिरुलिनाला ऊन, ऊब आणि खाण्याच्या सोड्यासारख्या क्षाराचे पाणी हवे असते. अशा क्षारयुक्त पाण्यात इतर जीव सहसा तग धरीत नाहीत, म्हणून पीक शुद्ध राखणे सोपे जाते. सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान त्यास मानवते. दिल्लीच्या थंडीत उघड्या हौदातील वाढ मंदावते. वाढलेले शैवल कापडातून गाळून वाळवितात. त्याच्या कोरड्या वजनात शेकडा ५५ ते ७० प्रथिने असतात. आफ्रिकेतील चाड सरोवराकाठचे लोक ते पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत.

मग हे अन्न घरोघरी का पोहोचले नाही? एक अडचण आपल्या शरीराची आहे. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींत न्यूक्लिइक अम्ले पुष्कळ असतात. त्यांच्या पचनातून मनुष्याच्या शरीरात यूरिक अम्ल तयार होते. ते साचल्यास सांधे सुजतात व मूतखडे होऊ शकतात. म्हणून प्रौढाने या मार्गाने दिवसास सुमारे २ ग्रॅमपेक्षा अधिक न्यूक्लिइक अम्ल घेऊ नये असे तज्ज्ञांनी सुचविले. शेकडा ८ न्यूक्लिइक अम्ल असलेले केवळ २५ ग्रॅम किण्व ही मर्यादा गाठते. गाईगुरे मात्र यूरिक अम्लाचे पुढे विघटन करू शकतात. म्हणून पशुखाद्यात ही अडचण तितकी जाणवत नाही. उष्णतेची योग्य प्रक्रिया केल्यास हे अम्ल कमी करता येते. ब्रिटनमध्ये १९८५ पासून विकले जाणारे कवकप्रथिन असेच तयार करतात.

दुसरी अडचण किमतीची. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये खनिज तेलातील मेणयुक्त घटकांवर किण्व वाढविण्याचे प्रयोग यशस्वी झाले. परंतु १९७३ नंतर तेल महागले आणि हिशेब कोलमडला. ब्रिटनमध्ये मिथेनॉलवर जीवाणू वाढवून पशुखाद्य करणारा प्रचंड कारखानाही स्वस्त सोयाबीनच्या पेंडीपुढे टिकू शकला नाही.

हाच हिशेब आपल्या ताटालाही लावून पाहावा. ६० किलोग्रॅम वजनाच्या प्रौढास दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने हवीत. स्पिरुलिनाच्या ५ ग्रॅम भुकटीतून सुमारे ३ ग्रॅम मिळतात. तेवढी १५ ग्रॅमहूनही कमी तूरडाळीतून मिळतात. तेव्हा भुकटीचा एक चमचा डाळीची जागा घेऊ शकत नाही, आणि गरीब कुटुंबाने डाळ सोडून तिच्यावर पैसा खर्चणे हिताचे नाही.

तथापि या शास्त्राचे मोल त्यामुळे कमी होत नाही. मळीसारख्या दुय्यम पदार्थांपासून कोंबड्यांचे व माशांचे खाद्य स्वस्तात निर्माण करता आले, तर आज पशुखाद्यात जाणारे धान्य व सोयाबीन माणसांसाठी उरेल. सूक्ष्मजीव किती वेगाने वाढतात, या प्रश्नाचे उत्तर केव्हाच मिळाले आहे. ते कशावर वाढवावयाचे, कोणाला खाऊ घालावयाचे आणि किती खर्चात, हेच आता पाहावयाचे आहे.