रॉकी पर्वतांतील शरद ऋतु

शरद ऋतु म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें धुतल्यासारखें निळें आकाश, कोजागरीचें चांदणें आणि पिकत आलेलीं भाताचीं शेतें उभीं राहतात. पानगळ मात्र या चित्रांत नसते. आपल्याकडे पानें झडतात तीं माघ-फाल्गुनाच्या सुमारास, आणि त्याचें कारण थंडी नसून पाण्याचा तुटवडा हें असतें. कोरड्या दिवसांत पानांवाटे पाणी गमावणें सागाला परवडत नाहीं, म्हणून तो आपला पर्णभार उतरवून ठेवतो. उत्तरेकडील थंड मुलखांत हाच व्यवहार भाद्रपद-आश्विनांत होतो. तेथें भय दुष्काळाचें नसतें, गोठण्याचें असतें. आणि तेथील पानें झडण्यापूर्वीं अशीं रंगतात कीं तीं पाहण्यासाठीं व त्यांचीं छायाचित्रें घेण्यासाठीं माणसें शेंकडो मैलांचा प्रवास करतात. अशाच एका स्थळाची माहिती आज सांगावयाची आहे. तें स्थळ म्हणजे अमेरिकेच्या कोलोरॅडो संस्थानांतील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान.

‘उद्यान’ या शब्दानें कोणी फसूं नये. येथें फुलांचे ताटवे नाहींत कीं कारंजीं नाहींत. डेन्व्हर शहराच्या वायव्येस सुमारें सत्तर मैलांवर रॉकी पर्वताची जी रांग उभी आहे, तिचा सुमारें ४१५ चौरस मैलांचा भाग अमेरिकन सरकारनें २६ जानेवारी १९१५ रोजीं कायद्यानें राखून ठेवला. त्यासाठीं एनॉस मिल्स या निसर्गलेखकानें अनेक वर्षें आपली लेखणी आणि वाणी झिजविली होती. येथील सर्वांत उंच शिखर लाँग्ज पीक हें १४,२५९ फूट उंच आहे. आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून तें अधिक भरतें. उद्यानाच्या पूर्वेस एस्टेस पार्क आणि पश्चिमेस ग्रँड लेक अशीं दोन गांवें आहेत. त्यांच्या मधला ट्रेल रिज नांवाचा रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो आणि सुमारें अकरा मैल वृक्षरेषेच्या वरून जातो. वृक्षरेषा म्हणजे जिच्यावर थंडीमुळें व वाऱ्यामुळें झाड उभें राहूं शकत नाहीं ती मर्यादा. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें दोन-तृतीयांशच असतो. मुंबईच्या माणसानें तेथें दहा पावलें भराभर टाकलीं तर अकराव्याला दम घेण्यासाठीं थांबावें लागतें.

खालच्या उतारांवर पाइन, स्प्रूस आणि फर या सदाहरित वृक्षांची दाट वस्ती आहे. त्यांच्या मधून मधून अ‍ॅस्पेन नांवाच्या पांढऱ्या सालीच्या झाडांचे समूह आढळतात. आपल्या पिंपळाप्रमाणें या झाडाचीं पानेंही वाऱ्याची जाणीव होण्याआधींच सळसळूं लागतात, कारण त्यांचा देठ दोहों बाजूंनीं चपटा असून तो अगदीं हलक्या झुळुकीनेंही वळतो. सप्टेंबरच्या मध्यापासून हे समूह पिवळे होऊं लागतात. हा पिवळा रंग कोठून येतो? खरें सांगावयाचें तर तो येत नाहींच. तो पानांत प्रथमपासून असतो. उन्हाळाभर पानांतील हरितद्रव्य इतकें प्रबळ असतें कीं त्याच्याखालीं पिवळें द्रव्य झांकलें जातें. दिवस लहान होऊं लागले कीं झाड आपला हिवाळ्याचा हिशेब मांडतें. हरितद्रव्य मोडून त्यांतील उपयुक्त अंश तें फांद्यांत ओढून घेतें आणि मग पाठीमागचें सोनें उघडें पडतें. तांबड्या रंगाची गोष्ट मात्र निराळी. तो पानांतील साखरेपासून त्याच वेळीं नव्यानें तयार होतो, आणि दिवसा स्वच्छ ऊन व रात्रीं गारवा असेल तर अधिक खुलतो.

या झाडाचें आणखी एक नवल आहे. एका समूहांतील झाडें बहुधा निरनिराळीं नसतातच. एका मुळापासून जमिनीखालून धुमारे फुटत जातात आणि त्यांचे वृक्ष होतात. वरून शंभर खोडें दिसलीं तरी खालीं देह एकच. म्हणून एक समूह एकाच दिवशीं पिवळा होतो आणि शेजारचा अजून हिरवाच राहतो. यूटा संस्थानांत अशा एका समूहानें शंभराहून अधिक एकर जमीन व्यापली आहे आणि त्यांत सुमारें सत्तेचाळीस हजार खोडें मोजलीं गेलीं आहेत. डोंगराच्या उतारावर पिवळ्या आणि हिरव्या रंगांचे ठिगळासारखे पट्टे दिसले म्हणजे समजावें कीं तो प्रत्येक पट्टा म्हणजे एकेक वृक्षच आहे.

छायाचित्रकारांसाठीं येथें एक-दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. सूर्य आपल्या पाठीशीं असावा हा नेहमींचा नियम या पानांना लागू नाहीं. ऊन पानाच्या पलीकडून येऊं द्यावें. म्हणजे पान दिव्याच्या कांचेसारखें आंतून उजळतें. मात्र भिंगावर थेट ऊन पडूं नये म्हणून वर हाताची किंवा टोपीची सावली धरावी. दुसरें असें कीं, पांढरीं खोडें आणि हिमाचीं शिखरें पाहून कॅमेऱ्याचें प्रकाशमापक फसतें व चित्र काळवंडतें; म्हणून प्रकाश थोडा अधिक द्यावा. दुपारचा प्रहर विश्रांतीला ठेवावा. या उंचीवर दुपारचें ऊन कठोर असतें. सूर्योदयानंतरचा व सूर्यास्तापूर्वींचा असा एकेक तास काय तो कामाचा.

आणि नेमक्या याच दोन वेळीं येथील सर्वांत प्रसिद्ध रहिवासी कुरणावर उतरतो. त्याचें नांव एल्क, किंवा तेथील मूळ रहिवाशांच्या एका भाषेंतून आलेल्या शब्दानें ‘वापिटी’. हें हरिणकुळांतील एक मोठें जनावर आहे. पूर्ण वाढलेला नर खांद्याशीं पांच फूट उंच व वजनानें तीनशें किलोच्या आसपास भरतो. काश्मीरांतील हंगूल हा याचाच भाऊबंद. एल्कची शिंगें दरवर्षीं गळतात आणि दरवर्षीं नव्यानें उगवतात. उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांवरची मखमली कातडी घासून टाकून नर लढाईला सिद्ध होतात, कारण सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांचा माजाचा काळ.

श्रोतेहो, नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं. परंतु या प्राण्याची खरी ओळख चित्रानें पटतही नाहीं, ती कानानेंच पटते. नराची हांक खालच्या, खरखरीत स्वरापासून निघते, चढत चढत शिटीसारख्या उंच सुरावर स्थिरावते आणि शेवटीं दोन-चार हुंकारांत विरते. इतक्या प्रचंड देहांतून इतका बारीक सूर कसा निघतो, याचें शोधकांना मोठें कोडें होतें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं नर एकाच वेळीं दोन आवाज काढतो. एक कंठांतील गर्जनेचा आणि दुसरा शिटीचा. शिटी दूरवर पोंचते आणि गर्जना जवळच्यांना आवाज कोणाचा व केवढ्या देहाचा आहे तें सांगते. पहांटेच्या थंडींत धुक्यानें भरलेल्या कुरणावर एका नरानें हांक द्यावी आणि समोरच्या रानांतून दुसऱ्यानें तिला उत्तर द्यावें, हा अनुभव कोणत्याही छायाचित्रांत सांठवितां येत नाहीं.

या हांकेमागें मोठा खर्च आहे. एक बलवान नर दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक माद्यांचा कळप राखतो. त्यांना एकत्र ठेवणें, प्रतिस्पर्ध्यांना हुसकावणें आणि प्रसंगीं शिंगांना शिंगें भिडविणें, यांत त्याला धड चरायलाही सवड मिळत नाहीं. ऋतु संपेपर्यंत त्याच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा झडून गेलेला असतो, आणि पुढें तर बर्फाचे महिने उभे असतात. आतां अशा वेळीं एखादा हौशी मनुष्य चांगल्या चित्राच्या मोहानें चाळीस पावलें पुढें सरकला तर काय होतें? कळप बिथरतो, माद्या पांगतात, नर त्यांच्यामागें धांवतो. माणसाला एक चित्र मिळतें. त्या जनावराच्या हिवाळ्याच्या शिदोरींतून एक घांस कमी होतो. आणि असा मनुष्य एकटा नसतो. २०१९ सालीं या उद्यानाला सेहेचाळीस लाखांहून अधिक लोकांनीं भेट दिली.

म्हणून तेथें कडक नियम आहेत. एल्क व डोंगरी मेंढ्यांपासून निदान ७५ फूट, आणि अस्वल व मूस यांपासून निदान १२० फूट दूर राहावें लागतें. मूस हा हरिणकुळांतील सर्वांत मोठा प्राणी असून तो चिडला तर एल्कहून अधिक घातक ठरतो. जनावरांना बोलावण्यासाठीं खोट्या हांका घालणें किंवा त्यांच्यावर दिव्याचा झोत टाकणें हा गुन्हा आहे. एल्कच्या मुख्य कुरणांवर सप्टेंबर आणि ऑक्टोबरांत संध्याकाळीं पांचपासून दुसऱ्या सकाळपर्यंत पाय ठेवतां येत नाहीं. जें पाहावयाचें तें रस्त्याच्या कडेनें पाहावें. २०२० सालापासून प्रवेशासाठीं आगाऊ वेळ नोंदविण्याची पद्धतही गर्दीच्या महिन्यांकरितां सुरू झाली. हे नियम प्रथमदर्शनीं रसभंग करणारे वाटतात. परंतु लांब पल्ल्याचें भिंग, एक तिपाई आणि थोडें धैर्य असलें म्हणजे ७५ फुटांवरूनही जनावराच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ टिपतां येते. जनावरानें मान वर करून आपल्याकडे पाहिलें कीं आपण अंतर चुकलों असें समजावें व मागें सरावें.

आतां या सुंदर देखाव्यामागची एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकाऱ्यांनीं या खोऱ्यांतला एल्क जवळजवळ नाहींसा केला होता. १९१३-१४ सालीं यलोस्टोनच्या बाजूनें कांहीं एल्क आणून येथें सोडण्यांत आले. आज दिसतात त्या कळपांत त्यांचाच वंश प्रामुख्यानें आहे. परंतु त्यांना आंवर घालणारा लांडगा त्यापूर्वींच मारून संपविला गेला होता. उद्यानांत शिकारीला बंदी, आणि लांडगा नाहीं. साहजिकच कळप वाढले आणि निर्धास्तपणें एकाच जागीं चरूं लागले. हिवाळ्यांत ते अ‍ॅस्पेनची साल कुरतडतात. खालच्या खोडांवर जे काळे व्रण दिसतात ते त्यांच्याच दांतांचे. मुळांपासून फुटणारे कोवळे धुमारे तर ते वाढूंच देत नाहींत. ओढ्याकांठच्या विलोच्या झुडपांचीही तीच दशा झाली, आणि त्या झुडपांवर जगणारा व त्यांच्याच फांद्यांनीं बंधारे बांधणारा बीव्हर विरळ झाला. जुनीं अ‍ॅस्पेन म्हातारीं होत आहेत आणि त्यांच्या जागीं यावयाचीं तरुण झाडें येत नाहींत, असें तज्ज्ञांना आढळून आलें.

२००८ सालापासून उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं या प्रश्नावर दीर्घ मुदतीची योजना हातीं घेतली. कांहीं अ‍ॅस्पेन व विलो यांच्याभोंवतीं उंच कुंपणें घातलीं. त्यांत एल्क शिरूं शकत नाहींत, इतर लहान प्राणी मात्र येऊं-जाऊं शकतात. कांहीं ठिकाणीं कुंपणाच्या आंत डोक्याएवढीं झुडपें आणि बाहेर कुरतडलेलें गवत असा फरक सहज दिसतो. कोलोरॅडोच्या मतदारांनीं २०२० सालीं लांडगा परत आणण्याच्या बाजूनें कौल दिला आणि डिसेंबर २०२३ मध्यें ऑरेगॉनहून आणलेले दहा लांडगे संस्थानाच्या पश्चिम भागांत सोडण्यांत आले. त्यामुळें गुरें पाळणाऱ्यांत नाराजी आहे आणि हा वाद मिटलेला नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं सोनेरी झाडांपुढें उभा असलेला एल्क हें जें चित्र घेण्यासाठीं सारे धडपडतात, त्यांतील पुढचें जनावर मागच्या झाडाला खात असतें. कुंपण दिसलें म्हणजे चित्र बिघडलें असें म्हणून कित्येक जण कॅमेरा दुसरीकडे वळवितात. माझ्या मतें त्या कुंपणाचेंही एक छायाचित्र प्रत्येकानें घ्यावें.

खालच्या कुरणावर गर्दी असली कीं वृक्षरेषेच्या वर जावें. तेथें खडकांच्या राशींत पायका नांवाचा मुठींत मावेल एवढा सशाचा नातेवाईक राहतो. तो हिवाळ्यांत झोंपत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांतच गवत व फुलें तोंडांत धरून आणतो, त्यांच्या गंज्या रचतो आणि बर्फाखालीं त्यांवर निर्वाह करतो. शेजारचा मार्मोट मात्र चरबी सांठवून सरळ महिनोन्‌महिने झोंपी जातो. टार्मिगन नांवाचा पक्षी तिसरीच युक्ति योजतो. त्याचा तपकिरी पिसारा याच दिवसांत पांढरा होऊं लागतो, म्हणजे बर्फांत तो शत्रूला दिसत नाहीं. एकाच संकटाला तीन शेजाऱ्यांनीं दिलेलीं हीं तीन उत्तरें एका सकाळींत पाहावयास मिळतात. ट्रेल रिज रस्ता बहुधा ऑक्टोबरांत बर्फामुळें बंद होतो, तेव्हां ही यात्रा सप्टेंबरांतच उरकावी. लोकरी कपडे बरोबर असावेत, पाणी भरपूर प्यावें आणि पहिल्या दिवशीं उंचावर जाण्याची घाई करूं नये.

पुष्कळांच्या मुलांमुलींचा संसार आतां अमेरिकेंत आहे, आणि त्यांच्या भेटीला जाणारे आईबापही थोडे नाहींत. त्यांना ही माहिती उपयोगी पडेल. ज्यांना तिकडे जाणें घडणार नाहीं त्यांनींही मन खट्टू करण्याचें कारण नाहीं. श्रीनगरजवळच्या दाचीगामच्या रानांत चिनार तांबडे होतात त्याच सुमारास हंगूल आपली हांक घालतो. तो आतां अवघा दोन-तीनशेंच उरला आहे. तेव्हां तेथें तर आणखीच दुरून, आणखीच हळू पावलांनीं जावें, आणि कॅमेरा उचलण्यापूर्वीं थोडा वेळ नुसतें ऐकावें.